हंड्याला पाडलेलं भोक

एप्रिल संपत आला होता. डोंगरावरचं बर्फ सुटून ओढे पांढरे फेसाळत होते, आणि त्या दिवसांत हेरबोर्ग ब्रेक्केनं अंथरुणातून आपल्या भावाला, आस्लाकला, सांगितलं, की तिला तिच्या मयताची बिअर प्यायची आहे.

आमच्या खोऱ्यात माणूस गेलं की घरचीच बिअर लागते. दुकानातली चालत नाही. ज्यांचं वय झालं ते स्वतःच्या नावाचं माल्टचं पोतं बाजूला काढून ठेवतात. हेरबोर्गचं पोतं गेल्या शरदापासून माळ्यावर होतं. बार्ली तिनं स्वतः भिजवली, मोड आणले, वाळवली, आणि पोत्याचं तोंड स्वतःच्या हातानं शिवलं. त्यानंतर महिन्याभरात ती आडवी झाली. आठवड्यातून दोनदा येणारी नर्स आस्लाकला जिन्याखाली गाठून म्हणाली होती, की मे ती बघेल, जूनचं काही सांगता येत नाही.

"सगळं खोरं येऊन पिणार," हेरबोर्ग म्हणाली, "आणि जिच्यासाठी केली ती तेवढी कोरडी जाणार. आधी मला दे. वाईट झाली असेल तर निदान कळेल तरी."

आस्लाक हो म्हणाला. मग खाली येऊन स्वयंपाकघरात बसला आणि आपल्या उजव्या खांद्याकडे बघत राहिला.

हा आस्लाक माझा शेजारी. त्याच्या मेंढ्या आणि माझ्या शेळ्या एकाच कुंपणाला अंग घासून वाढल्या. एक्काहत्तर वर्षांचा, उंच, थोडा वाकलेला, बोलण्यात कंजूष. तो आणि त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी हेरबोर्ग, दोघंही बिनलग्नाचे, ब्रेक्के नावाच्या त्याच शेतघरात जन्मले नि तिथेच म्हातारे झाले. ती चाळीस वर्षं टपाल वाटत होती. हिवाळ्यात पायानं ढकलायच्या घसरगाडीवरून. तो मेंढ्या, गवत आणि बिअर बघायचा. वर्षातून तीन वेळा तो बिअर करी, आणि त्या दिवशी त्याच्या चुलघराचा धूर सरळ वर चढताना दिसला की आम्ही आपापल्या अंगणात उभे राहून नाकं वर करायचो. जुनिपरच्या फांद्यांचं पाणी, भाजकं माल्ट, ओलं लाकूड. मी पुष्कळ ठिकाणी प्यालो आहे. ब्रेक्केसारखी बिअर मी कुठे प्यालो नाही, आणि हे मी शेजारी म्हणून म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो मेंढवाड्याच्या छपरावरून पडला. हाड जुळलं, पण हात कमरेच्या वर जाईना. तेव्हापासून हंडा थंड होता.

कारण आमची पद्धत अशी, की माल्टचा गोड काढा तांब्याच्या हंड्यात चार तास उकळायचा आणि उकळता उकळताच लांब दांड्याच्या ओगराळ्यानं दुधाच्या कॅनमध्ये काढायचा. एकेक कॅन उचलून ओढ्यात उभा करायचा. कॅनच्या अंगाला तळहात लावून बसायचं. काढलेल्या दुधाइतकं कोमट झालं, की पिंपात ओतायचं. असे दहा-बारा कॅन. आस्लाकच्या हाताला ते आता होणारं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला तो ओगराळं देणार नव्हता. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं हवापाण्याविषयी काहीतरी सांगितलं.

शेवटी तो माझ्या गाडीत बसून शहरात गेला आणि एक पितळी तोटी, तिच्या जोडण्या, रबराचे चार वॉशर आणि पंधरा मीटर मऊ तांब्याची नळी घेऊन आला. ओगराळ्याऐवजी तोटी आणि ओढ्याऐवजी नळी, असा त्याचा विचार. दुकानातल्या मुलीनं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. तिच्याकडेही असलंच सामान होतं, ती आपल्या गॅरेजमध्ये बिअर करायची. नळीचं वेटोळं काढ्यात वरून टांगायचं आणि गार होईपर्यंत ढवळत राहायचं, असं तिनं दोनदा सांगितल्याचं मला आठवतं. आस्लाकनं मान हलवली होती. तो नाक्यावर पोचेपर्यंत मान हलवत होता, म्हणजे ऐकत नव्हता.

तोटी बसवायची म्हणजे हंड्याला भोक पाडायचं. तो हंडा ब्रेक्केत कधी आला हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या काठावर हातोडीचे ठोके आहेत ते ज्यानं मारले त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. आस्लाकच्या आईनं त्याला दर नाताळाला राख आणि आंबट ताकानं घासून लाल केला होता. आस्लाक दोन दिवस ड्रिल हातात घेऊन त्याच्याभोवती फिरत होता. तिसऱ्या दिवशी तो वर जाऊन बहिणीला विचारून आला. काय म्हणाली ते त्यानं सांगितलं नाही, पण खिडकी उघडी होती आणि मी खाली अंगणात होतो.

"पाड की," ती म्हणत होती. "का त्याला माझ्याबरोबर पुरायचा बेत आहे?"

भोक पाडायला मला हंडा धरायला लागला. तळापासून दोन बोटं वर त्यानं खिळ्यानं खूण केली, आतून ओंडक्याचा टेकू दिला, आणि आधी बारीक ड्रिल, मग पायऱ्यापायऱ्यांचं जाड, असं हळूहळू तेल सोडत चालवलं. तांब्याचा चुरा कानातल्या बाळीसारखा गोल गोल वळून खाली पडत होता. आस्लाकचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. भोक आरपार झालं तेव्हा ड्रिल एकदम सैल झालं आणि त्यानं डोळे मिटून घेतले. दात काढून घेताना मिटतो तसे.

मग चार दिवस ती तोटी गळत होती. हंड्याचं पोट गोल, वॉशर सपाट. बाहेरून आवळलं की आतून पाणी झिरपायचं, आतून आवळलं की बाहेरून. त्यानं टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, काढली, पुन्हा गुंडाळली. शेवटी त्यानं भोकाभोवतीचं तांबं आतून ओंडका लावून लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून रुपयाएवढं सपाट केलं, एक वॉशर आत, एक बाहेर बसवला आणि नट आवळला. हंडा पाण्यानं भरून आम्ही दोघं पोटावर पडून तोटीखाली बघत राहिलो. थेंब आला नाही. आतल्या बाजूला त्यानं निचऱ्याची वाकडी नळी बसवली, तिचं तोंड तळाकडे वळवलेलं, म्हणजे शेवटचा घोटही मागे राहू नये.

वेटोळं करताना मात्र त्याचे हात बघण्यासारखे होते. तांब्याची नळी त्यानं दुधाच्या जुन्या कॅनभोवती वळवली, कुठे चपटी न होऊ देता, एकावर एक सारख्या अंतरानं. जणू बाळाच्या स्वेटरची लोकर गुंडाळतो आहे. दोन्ही टोकं वर काढली, एकाला ओढ्याकडून येणारा पाइप, दुसऱ्याला बाहेर जाणारा. ते हंड्यात ठेवून बघितलं तर ते तळाला अलगद बसलं, हंड्याच्या खालच्या निम्म्यात.

मी म्हटलं, ती पोरगी टांगायचं म्हणाली होती. आस्लाकनं माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या शेळ्या आठवल्या.

"विस्तव खालून लागतो," तो म्हणाला. "मग थंडीही खालूनच लागायची. वरून कोण चूल पेटवतं?"

मला ते पटलं. आज मी हे लिहितो आहे तेव्हा सांगणं भाग आहे, की मला ते अगदी पटलं होतं.

त्या घरातली सगळ्यात जुनी गोष्ट तो हंडा नव्हता. ते विरजण होतं. आमच्या बोलीत त्याला क्वेइक म्हणतात. मी विरजणच म्हणतो, कारण ते तसंच एका घरातून दुसऱ्या घरात, आईकडून मुलीकडे जातं. बिअर फसफसून झाली की तळाशी साचलेला साय-मऊ गाळ काढून बरणीत ठेवायचा, थोडा कापडावर वाळवून पापड्या करून ठेवायच्या. पुढच्या वेळी तेच घालायचं. ब्रेक्केचं विरजण हेरबोर्गच्या ताब्यात होतं. बरणी तळघरात, पापड्या कागदाच्या पुडीत. दोन वर्षं ते झोपलं होतं, आणि ते उठेल की नाही याची आस्लाकला धास्ती होती. म्हणून त्यानं ठरवलं, की बरणी सगळीच ओतायची, आणि पापड्याही चुरून घालायच्या. मागे काही ठेवायचं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे चुलघराचा धूर निघाला. मी शेळ्या सोडून कुंपणापाशी उभा राहिलो. पल्याड, नदीच्या दुसऱ्या काठावर, तोर्गिल्सच्या अंगणातही कुणीतरी उभं असलेलं दिसलं. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, पण नाक वर असणार.

दिवसभर काम चाललं. दुपारी चारच्या सुमाराला त्यानं विस्तव ओढून काढला, साखळीला टांगलेला हंडा चुलीवरून बाजूला वळवून पिंपाच्या वर आणला. वेटोळं आधीच काढ्यात उकळून निघालं होतं. वर धूळ पडू नये म्हणून फळ्या टाकल्या आणि ओढ्याचं पाणी सोडलं. बर्फातून सुटलेलं पाणी, दाताला झिणझिण्या आणणारं. दुसऱ्या टोकातून आधी वाफाळतं पाणी आलं, मग गरम, मग कोमट. आस्लाकनं सवयीनं हंड्याच्या अंगाला तळहात लावला. जिथवर त्याचा हात पोचत होता तिथे, खाली. काढलेल्या दुधासारखं कोमट. त्यानं तोटी उघडली, पहिला कॅन भरला, कोपर बुडवून बघितलं. बरोबर. त्याची आई पहिल्या काढ्यातच विरजण घालायची, म्हणून त्यानंही पहिला कॅन पिंपात ओतला आणि त्यात बरणी उपडी केली, पापड्या चुरल्या. विरजण घालताना आमच्याकडे मोठ्यानं आरोळी ठोकतात, ते जागं व्हावं म्हणून. आस्लाकनं आरोळी ठोकली. वरच्या उघड्या खिडकीतून हेरबोर्गनं तिच्या उरल्यासुरल्या आवाजात आरोळीला आरोळी दिली. मी धारा काढत होतो तिथवर ती ऐकू आली.

मग तोटीला रबरी नळी लावून त्यानं ती पिंपात सोडली. काढा आपल्या आपण उतरू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच बिअरच्या दिवशी त्याला करायला काही उरलं नव्हतं. तो वर जाऊन बहिणीजवळ बसला. तासभर. तिनं त्याला टपालाच्या जुन्या गोष्टी सांगितल्या; कुणाचा कुत्रा कसा मागे लागायचा, कुणाची पत्रं कोण वाचायचं. तो नंतर मला म्हणाला, की इतक्या वर्षांत त्यांनी दोघांनी मिळून असा नुसता बसून तास घालवला नव्हता. खाली आला तेव्हा हंडा रिकामा, पिंप भरलेलं. त्यानं पिंपावर झाकण ठेवलं, वर मेंढीची कातडी पांघरली, आणि झोपायला गेला.

सकाळी चुलघरात आवाज नव्हता.

ब्रेक्केचं विरजण घातल्यापासून चार-पाच तासांत बोलायला लागतं. झाडाच्या पानावर पाऊस पडावा तसा आवाज असतो. आस्लाकनं कातडी काढली, झाकण काढलं. फेस नाही. काढा आरशासारखा. त्यानं हात बुडवला, आणि तेव्हा त्याला कळलं. रात्रभर उभा राहिलेला काढा अजूनही दुधापेक्षा गरम होता.

तो माझ्या गोठ्यात आला आणि धारा काढायच्या स्टुलावर बसला. तुकड्या-तुकड्यांनी त्यानं सांगितलं. वेटोळं तळाला होतं, म्हणून थंड झालेला काढा तळालाच बसून राहिला, आणि वरचा, वेटोळ्याच्या वरचा, उकळता होता तसाच राहिला. त्याचा हात खालीच पोचत होता. निचऱ्याची नळीही खालूनच ओढत होती. म्हणून आधी आला तो कोमट, विरजण घातलं ते कोमटात. आणि मग तो वर बसून गप्पा मारत असताना उरलेला सगळा कढत काढा त्या विरजणाच्या डोक्यावर उतरला. लाकडाच्या पिंपाला बाहेरून हात लावून काही कळत नाही.

"ओतायला माझा हात असता तर दुसऱ्याच कॅनला कळलं असतं," तो म्हणाला. माझी शेळी त्याची बाही चघळत होती, ते त्याच्या लक्षात नव्हतं.

मी तोर्गिल्सचं नाव काढलं. तो उठून गेला.

तोर्गिल्सचं सांगायला हवं. बत्तीस वर्षांपूर्वी त्याचं विरजण बिघडलं, तेव्हा हेरबोर्गनं टपालाच्या पिशवीतून त्याला ब्रेक्केच्या पापड्या नेऊन दिल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी शहरातून दोघं तरुण काचेच्या नळ्या घेऊन आले आणि तोर्गिल्सनं त्यांना त्यातलं थोडं दिलं. आता ते कागदाच्या पाकिटातून दुकानात मिळतं, आणि पाकिटावर तोर्गिल्सच्या शेताचं नाव असतं. त्यानं त्याबद्दल काही घेतलं नव्हतं, आस्लाकलाही ते माहीत होतं. त्यानं ब्रेक्केत विचारलं नव्हतं, एवढंच. ते दोघं तरुण येऊन गेले त्याच वर्षी चर्चच्या फाटकापाशी, सगळे बाहेर पडत असताना, आस्लाक त्याला चोर म्हणाला. तोर्गिल्सनं टोपी डोक्यावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. हेरबोर्गनं या गोष्टीवर आजवर एक शब्द काढला नव्हता.

दुपारपर्यंत आस्लाकनं तिच्यापासून लपवलं. तिची औषधाची वेळ झाली तेव्हा मी दूध घेऊन गेलो होतो, म्हणून मी ऐकलं. तिनं विचारलं, बोलतंय का. तो म्हणाला, हळूहळू.

"त्याला हळूहळू येत नाही," ती म्हणाली. "दार उघडं ठेवायला सांगितलं होतं तुला. मी सकाळपासून कान लावून आहे."

आस्लाक पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मग त्यानं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न गाळता.

"सगळं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"पापड्यासुद्धा?"

"पापड्यासुद्धा."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी दूध टेबलावर ठेवलं आणि निघायला लागलो, पण जिन्याची पहिली पायरी करकरते म्हणून थांबलो. तिच्या श्वासाचा आवाज चुलघरापेक्षा जास्त होता.

"मग जा तोर्गिल्सकडे," ती भिंतीला म्हणाली.

"मी त्याला चोर म्हणालोय."

"तेच सांग. चोरलेलं परत न्यायला आलोय म्हण."

पुलापर्यंत मी त्याला गाडीनं सोडलं. पुढे तो चालत जाईन म्हणाला, आणि मग दहा पावलांवर थांबून माझी वाट बघू लागला. म्हणून मीही गेलो.

तोर्गिल्स कुंपणाच्या खांबांना डांबर फासत होता. ठेंगणा, रुंद, भुवया पांढऱ्या. आम्ही फाटकाशी येईपर्यंत त्यानं खांब पुरा केला, ब्रश डब्यात ठेवला.

"दहा वर्षं लागली तुला पूल ओलांडायला," तो म्हणाला. "बांधायला तीनच लागली होती."

आस्लाक म्हणाला, विरजण हवंय. तोर्गिल्सनं विचारलं, तुझं कुठे गेलं. आस्लाकनं टोपी काढली, का ते मला कळलं नाही.

"मी मारलं."

मी तोर्गिल्सच्या तोंडाकडे बघत होतो. त्याला हसायचा हक्क होता आणि तो हसला नाही. त्यानं विचारलं, कसं. आणि आस्लाकनं पुन्हा सगळं सांगितलं. वेटोळं कुठे ठेवलं होतंस, तोर्गिल्सनं विचारलं. तळाला, आस्लाक म्हणाला. तोर्गिल्सनं डांबराचे हात पँटला पुसले, आत गेला आणि लोकरीच्या मोज्यात घातलेली बरणी घेऊन आला. पण ती लगेच त्यानं हातात दिली नाही.

"हे तुमचं राहिलेलं नाही, आस्लाक," तो म्हणाला. "बत्तीस वर्षं माझ्या चुलघरात आहे. मी तुमच्यापेक्षा गार घालतो, माझं पाणी वेगळं, माझं पिंप वेगळं. हेरबोर्गला चवीतला फरक कळेल. आधीच सांगून ठेवतो, मागून पुन्हा फाटकापाशी काही नको."

आस्लाकनं बरणी घेतली, छातीशी धरली. हंड्यात एकट्यानं ढवळणार कसा, असं तोर्गिल्सनं विचारलं. आस्लाक वळला. पुलाच्या मध्यावर आला तेव्हा थांबला आणि मागे न बघता म्हणाला, की चार वाजता काढा परत हंड्यात चढवायचा आहे. तोर्गिल्स ऐकू येण्याइतका जवळ मागे येत होता. मला तो दिसला होता, आस्लाकला नसावा.

त्या संध्याकाळी त्या दोघांनी काढा बादल्यांनी परत हंड्यात चढवला आणि पुन्हा उकळला. वेटोळं एका आडव्या काठीला टांगलं. तोर्गिल्स वल्ह्यासारख्या दांड्यानं ढवळत राहिला, आस्लाक ठरावीक वेळानं ओगराळ्यात थोडं काढून कोपर बुडवत राहिला. कामापुरतं बोलले. थोडं अजून. थांब. आता. विरजण घालताना कुणीच आरोळी ठोकली नाही. आस्लाकनं तोर्गिल्सकडे बघितलं, तोर्गिल्सनं आस्लाककडे, आणि बरणी रिकामी झाली.

रात्रीच ते बोलायला लागलं म्हणे. सकाळी मी गेलो तेव्हा चुलघराचं दार सताड उघडं होतं, घराचं दार उघडं, जिन्यावरचं दार उघडं, आणि तो पावसाचा आवाज वर तिच्या पलंगापर्यंत जात होता. हेरबोर्ग उशीला टेकून बसली होती. आवाज दमानं येतोय, ती म्हणाली. आपलं जरा भरभर बोलायचं.

तिसऱ्या दिवशी आस्लाकनं लाकडी वाडग्यात बिअर आणली. खालच्या खोलीत तोर्गिल्स आणि मी बसलो होतो. तिनं आम्हालाही वर बोलावलं. आजारी माणसाच्या खोलीत आपले पाय फार मोठे वाटतात. वाडगा तिच्या हातात राहिना, आस्लाकनं धरला. तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला. तिसरा.

"हे आपलं नव्हे," ती म्हणाली.

थोडी बिअर चादरीवर सांडली. तोर्गिल्स खिडकीबाहेर बघू लागला. तिनं अजून एक घोट घेतला आणि वाडगा दूर केला. अर्धाही झाला नव्हता.

"वाईट नाही," ती म्हणाली. "मयताला चालेल." मग तिनं भावाकडे बघितलं. तिचे डोळे टपालवाल्या बाईचे, पाकिटावरचं पुसट नाव वाचणारे. "तू त्याला बोललास ते सगळ्यांसमोर. हेही सगळ्यांसमोरच सांगायचं. माझ्या मयताला."

तोर्गिल्स म्हणाला, त्याची काही गरज नाही. ती म्हणाली, तुला कोण विचारतंय.

ती मे महिन्याच्या सतराव्या दिवशी, राष्ट्रीय सणाच्या सकाळी गेली. खोऱ्यातल्या प्रत्येक घरावर झेंडा होता, मुलं गाणी म्हणत रस्त्यावरून चालली होती, आणि ब्रेक्केचा झेंडा आस्लाकनं अर्ध्यावर उतरवला. मुलांनी ते बघितलं आणि ब्रेक्केच्या वळणावर गाणं थांबवलं. पुढच्या वळणावर ती पुन्हा म्हणू लागली. आस्लाक म्हणाला, बरं केलं त्यांनी.

मयताच्या दिवशी लांब टेबलं लावली. वाळवलेलं मटण, आंबट साईची लापशी, पातळ पोळ्या. एकच वाडगा डावीकडे पुढे पुढे जात राहिला. पहिल्या फेरीतच वरच्या शेताची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, की हीच ती, हेरबोर्गच्या घरची चव, डोळे मिटून ओळखेन. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तोर्गिल्सकडे बघितलं. तो आपल्या ताटातल्या हाडाकडे बघत होता.

आस्लाक उठला. उठायला त्याला वेळ लागला. तो बोलका माणूस नाही, आणि सगळे त्याच्याकडे बहिणीविषयी चार शब्द ऐकायला म्हणून वळले.

"ही चव आमची नाही," तो म्हणाला. "आमचं विरजण मी मारलं. सगळं. आईपासूनचं. हे तोर्गिल्सचं आहे. त्याला मी फाटकापाशी जे म्हणालो होतो, ते तुम्ही ऐकलं होतं. तो नसता तर आज तुमच्यासमोर दुकानातली असती."

तो बसला. कुणी खुर्ची सरकवली नाही. वरच्या शेताची म्हातारी आपल्या ताटात बघत राहिली, त्यात काही पडलंय की काय असं. ब्रेक्केचं विरजण गेलं, म्हणजे काय गेलं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं; आणि त्या महिन्यात त्या घरातून दोन गोष्टी गेल्या होत्या, असं जणू आत्ता कळलं. वाडगा तोर्गिल्सपाशी होता. त्यानं तो उचलला, प्यायला आणि पुढे दिला. पुढच्यानं प्यायला. मग पुढच्यानं. पण आधीसारखं मोठ्यानं कुणी काही म्हणालं नाही, आणि संध्याकाळी पिंपात निम्मी उरली. आमच्याकडे मयताची बिअर उरलेली चांगली मानत नाहीत.

चार दिवसांनी मी ब्रेक्केत गेलो. स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड पसरलेलं आणि त्यावर पिंपाच्या तळाचा गाळ, पातळ पसरलेला, कडेनं सुकून तडकू लागलेला. आस्लाक डाव्या हातात सुरी घेऊन तो कडेनं सोडवत होता. वर जिन्यावरचं दार बंद होतं. निम्म्या पापड्या तोर्गिल्सला नेऊन देणार, तो म्हणाला. मी म्हटलं, त्याच्याकडे आहेच की. तो म्हणाला, त्याच्याकडे आहे ते त्याचं, हे या घरातून निघालंय.

त्यानं सुरी पुढच्या कडेखाली सरकवली.

"हे आमचं व्हायला किती वर्षं लागतील?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, तोर्गिल्सच्या घरात त्याला बत्तीस झाली.

आस्लाकनं मान हलवली. या वेळी तो ऐकत होता. त्यानं एक पापडी उलटी केली, तिची खालची बाजू अजून ओली होती. ती तशीच उन्हाकडे वळवून ठेवली आणि दुसरी घेतली.